डब्यावर न लिहिलेलं

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी, शेवटचे पाहुणे निघून गेले त्या सकाळी, माझ्या यजमानांनी टॉवेलला हात पुसले आणि टॉवेलवर कातडी राहिली.

मला आधी वाटलं, कागद चिकटलाय. लग्नघरात कशाचा तुकडा कुठे चिकटेल सांगता येत नाही. मग टॉवेल खिडकीशी धरला. बोटाच्या पेराची साल होती, रेघांसकट.

"अहो, हे काय?"

"काही नाही. साबण बदललास ना, त्याने."

"साबण तोच आहे. इकडे करा हात."

बोटांच्या बेचक्या लालभडक, ओल्या. तळव्याला भेगा. हे एका दिवसाचं नव्हतं. नंतर लग्नाचे फोटो आले तेव्हा बघितलं, एकूण एक फोटोत यांचे हात पाठीमागे होते.

"आणि मला बोलला नाहीत?"

"लग्न तिचं होतं. माझ्या हातांचं नव्हतं."

हे इंजिनाचे मिस्त्री. रस्ता रुंद होण्याआधीपासून नाक्यावर यांचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि शेजारी टायरवाल्याची टपरी. दोघांची मैत्री अशी की एकाचा चहा दुसऱ्याने प्यायल्याशिवाय दिवस उजाडत नसे. गाडी आली की हे आधी इंजिनातलं तेल बोटावर घेत, अंगठ्याने चोळत, नाकाशी नेत. पाणी शिरलंय, पेट्रोल मिसळलंय, कुठेतरी धातू झिजतोय, हे सगळं त्यांना त्या चिमटीत कळायचं. मालक काही सांगायला लागला की म्हणायचे, "तुम्ही थांबा, तेलाला बोलू द्या."

हातमोजे मी आणून दिले होते. एक दिवस घातले. "डोळे बांधून भाजी निवडल्यासारखं वाटतं," म्हणाले आणि ते मोजे टायरवाल्याला दिले. त्याने त्यात खिळे भरून ठेवले.

कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात बघण्याची रीत चांगली. घाई नाही, नाक मुरडणं नाही. म्हणाल्या, "काका, हे तेलामुळे आहे. इतकी वर्षं अंगाने सोसलं, आता ते चिडलंय. एकदा चिडलं की थेंबालाही चिडतं."

"म्हणजे तेल सोडायचं?" यांनी विचारलं.

"तेलातली नेमकी कुठली गोष्ट सोसत नाही ते कळलं, तर ती नसलेलं तेल वापरता येईल. तेलात नुसतं तेल नसतं. झीज थांबवायला एक, गंज थांबवायला एक, फेस होऊ नये म्हणून एक, अशी बरीच औषधं घातलेली असतात. त्यातली एकेक वेगळी, अगदी सौम्य करून पाठीवर चिकटवायची आणि दोन दिवसांनी बघायचं. जिथे लाल होईल, ती दोषी. पण त्यासाठी मला नावं हवीत. डबा घेऊन या."

हे खुर्चीत एकदम ताठ बसले. "कळलं. म्हणजे प्लगची वायर काढून बघतो तसं." आणि डॉक्टरीणबाईंना समजावू लागले, की इंजिन अडखळत असलं तर एकेका प्लगची वायर काढायची. जी काढून आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. बाई हसल्या. "अगदी तसंच," म्हणाल्या.

घरी येताना यांचा चेहरा मोकळा झाला होता. शोधून काढायचा दोष म्हटल्यावर तो काय, यांच्या रोजच्या कामातलाच.

मी डबा घेऊन ओट्याशी बसले. मला वाचायला पन्नाशीनंतर आलं, सूनबाईने शिकवलं. तोवर मी धरूनच चालले होते की ज्याच्यावर इतकी बारीक अक्षरं आहेत, त्याच्यावर सगळंच लिहिलेलं असणार, फक्त मला कळत नाही एवढंच. डबा पुढून वाचला, मागून वाचला, बूड वर करून वाचला. इंजिनाचं आयुष्य वाढवतं. इंजिन थंड ठेवतं. इंजिन आतून स्वच्छ राखतं. मुलांपासून दूर ठेवा. त्वचेशी वारंवार संपर्क टाळा. आत काय आहे ते मात्र कुठेच नव्हतं. 'उच्च प्रतीचे तेल व इतर घटक', संपलं.

मी सूनबाईला हाक मारली. "माझं काही सुटलंय का गं?"

तिने चष्मा लावून वाचलं. "नाही हो आई. एवढंच आहे."

मला खरंच धक्का बसला. फडताळातून बिस्किटाचा पुडा काढला. त्याच्यावर मिठापर्यंत सगळं. साबणाच्या वेष्टनावर मुंगीएवढ्या अक्षरांत रांगच्या रांग. ज्या तेलात माझ्या नवऱ्याचे हात आयुष्यभर बुडाले, त्या डब्यावर 'इतर घटक'!

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस गॅरेजवर आला. दर महिन्याला यायचा, मिस्त्रींसाठी टोपी, भिंतीसाठी घड्याळ घेऊन. मी डबा घेऊन उभीच होते.

"यात काय काय आहे, सांगा बरं."

"एक नंबर माल आहे काकू."

"नंबर नको, नावं सांगा. डॉक्टरांना हवी आहेत."

तो हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "काकू, ते गुपित असतं. सगळं डब्यावर छापलं तर उद्या दुसरी कंपनी तेच तेल काढेल. नकली माल बनवणाऱ्यांना तर आयतंच."

"बिस्किटवाले छापतात की."

"बिस्किटं लोक खातात. तेल कोण खातं?"

"यांच्या हातांनी खाल्लंय," मी म्हटलं. "बघायचेत?"

यांनी हात काखेत दडवले. टायरवाला टपरीतून ओरडला, "अरे साहेबा, प्रमाण नको सांगूस. कांदा किती, मीठ किती ते ठेव तुझ्यापाशी. कांदा आहे की नाही, एवढं तर सांग!"

तो माणूस माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काकू, आईशपथ, मलाच माहीत नाही. आम्हालाही सांगत नाहीत." वाईट नव्हता तो. जो माणूस वर्षानुवर्षं ते तेल विकत होता, त्यालाही आत काय आहे ते ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः कंपनीला विचारलं. त्यांनाही तेच उत्तर मिळालं.

शेवटी हे मला म्हणाले, "जाऊ दे गं. लिहिलं असतं तरी मला काय कळणार होतं? वाचणार कोण?"

"मी वाचलं असतं. डॉक्टरांना कळलं असतं. तुम्ही फक्त हात पुढे करायचा होता."



महिनाभर कामाला गेले नाहीत तेव्हा हातांच्या भेगा भरून आल्या. मग एका सकाळी एका जुन्या गिऱ्हाइकाची गाडी बघायला म्हणून गेले, चिमटीभर तेल घेतलं, आणि संध्याकाळी बोटं पुन्हा फुटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आता दुसरा मार्ग नाही. तेल सोडा." हे नुसते मान हलवून उठले. त्यानंतर गॅरेजपुढे खुर्ची टाकून बसायचे. समोरून गाडी गेली की तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "दोन नंबरचा प्लग." त्यांना बसवत नव्हतं. जेवण कमी झालं. रक्तातली साखर आधीपासून होतीच, ती वाढली.

थंडीत मी धाकटीकडे गेले. तिला दिवस गेले होते, चार दिवस राहून आले. परतले तर हे पलंगावर ताठ बसलेले, अंगावर जाड स्वेटर, घामाने डबडबलेले.

"टेकून बसा की."

"नको. बरा आहे असाच."

मी कपाळाला हात लावला. तवा तापावा तसं कपाळ. स्वेटर वर केला.

पाठभर पंक्चरचे काळे पॅच चिकटवलेले होते. ट्यूबला लावतात ते, ओळीने. प्रत्येकाशेजारी टायरवर आकडे टाकायच्या पांढऱ्या खडूने आकडा. पॅचच्या कडांतून पू येत होता आणि मधली सगळी पाठ सुजून चकाकत होती.

"कोणी केलं हे?"

"मीच सांगितलं त्याला. सूनबाईला कळू दिलं नाही. प्रत्येक कंपनीचं तेल वेगळं, एकेका फडक्याच्या तुकड्यावर. जे लाल होणार नाही, ते आपलं." धाप लागत होती, पण डोळ्यांत मला ओळखीची चमक दिसली, बंद इंजिन पुढ्यात आल्यावर दिसायची ती. "डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं ना, दोन दिवस. मी चार दिवस ठेवले. म्हटलं, पक्कं व्हावं."

मी टायरवाल्याला बोलवायला गेले नाही, तोच आला. दारातूनच पाठ बघितली. "वहिनी, परवापर्यंत नुसतं खाजत होतं हो," एवढंच म्हणत राहिला. यांना रिक्षात त्यानेच उचलून घातलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाई धावत आल्या. बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. पहिला प्रश्न विचारला, "हे चिकटवलं कशाने?"

टायरवाला म्हणाला, "सोल्यूशनने. पंक्चरच्या."

"त्यात काय असतं?"

तो पळत टपरीवर गेला आणि ट्यूब घेऊन आला. बाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली, मग माझ्याकडे दिली. मी वाचली. मजबूत पकड, असं लिहिलं होतं. बाकी काही नाही.

पॅच काढताना कातडी सोबत आली. जखमांतून विष रक्तात उतरलंय, साखरेमुळे औषध लागू पडत नाहीये, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. मुलगा येऊन पोचला. सूनबाई बाहेर बसून होती. तेलामुळे पाठ गेली की सोल्यूशनमुळे, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. सगळे आकडे एकात एक मिसळून गेले होते.

शुद्धीवर आले तेव्हा पालथेच होते. मान वळवून यांनी टायरवाल्याला विचारलं, "अरे, बघितलंस का? कुठला कोरा राहिला?"

टायरवाल्याने माझ्याकडे बघितलं. मग वाकून यांच्या कानाशी म्हणाला, "चार नंबर, मिस्त्री. चार नंबरला काहीसुद्धा झालं नाही."

"बघ." यांना बरं वाटल्याचं गालावर दिसलं. "मी म्हटलं नव्हतं? निघतोच दोष. चार नंबर कुठलं तेल होतं?"

टायरवाल्याला आठवेना.

"असू दे," हे म्हणाले. "दुकानात बघू. तू त्या पांढऱ्या गाडीवाल्याला सांग, सोमवारी ये म्हणावं. माझ्या हाताने बघतो."

"सांगतो," टायरवाला म्हणाला, आणि तिथून उठून खरोखरच त्या गाडीवाल्याकडे सांगायला गेला.

माझे यजमान, इंजिनाचे मिस्त्री, त्या फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी सकाळी इस्पितळात वारले.