गाडी कोण चालवणार

आरोग्य केंद्राच्या आवारात पांढरी गाडी उभी होती आणि स्टिअरिंगवर फौजीण बसली होती. किल्ली तिच्याकडे नव्हती, पण उतरायचंही नाव नव्हतं.

गाव तिला फौजीणच म्हणे. सैन्यात ट्रक चालवून परत आलेली, आता दुधाचा टँकर चालवणारी. आणि ही गाडी तिच्यासारख्यांसाठीच होती : नोकरीत ज्यांच्यावर अत्याचार झाला, अशा खेड्यापाड्यांतल्या माजी सैनिक बायकांना शहरातल्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे न्यायची. दर आठवड्याला गाडी यायची आणि रिकामी जायची. आज शेवटची फेरी होती. उद्यापासून योजना बंद.

"उतरा," योजनेचे साहेब म्हणाले. "पेशंटने पेशंटच्या जागी बसायचं."

"ती जागा ड्रायव्हरच्या शेजारी आहे."

"मग? मागे औषधांची खोकी असतात."

याआधी दोनदा ती फाटकापर्यंत येऊन परत गेली होती. ती शेजारची सीट दिसली की तिथूनच वळायची. घरी सांगायची, पोट दुखतंय. आज मात्र ती परत फिरली नव्हती. गाडीला वळसा घालून ती ड्रायव्हरच्या बाजूने चढली होती.

"काका, तुम्ही तरी सांगा हिला!" साहेब गाडीच्या ड्रायव्हरकडे वळले.

ड्रायव्हरकाकांनी मान खाजवली. "मी काय सांगणार, साहेब? घाटात टँकर मागे घेताना पाहिलंय हिला. मला नाही जमायचं."

"हे नियमात बसत नाही. मुळात बायका येतच नाहीत. पत्रकं वाटली, फलक लावले. कुणी आलं नाही, म्हणजे गरज नाही."

फौजिणीची वहिनी तिला सोडायला आली होती. ती पदर खोचून पुढे झाली. "वा! विहिरीवर दोर ठेवायचा नाही, आणि म्हणायचं गावाला तहान नाही!"

केंद्राच्या दारातल्या रांगेतले दोघे-तिघे हसले. साहेब वैतागले. "अहो, शेजारच्या सीटवर बसायला अडचण काय आहे?"

फौजिणीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"सांगते. माझ्यावर जे झालं, ते गाडीत झालं. वरिष्ठ चालवत होता, मी शेजारी होते. दाराचं आतलं हँडल त्याने आधीच काढून ठेवलं होतं."

रांगेतलं हसू थांबलं. तिने आवाज खाली आणला नाही. वहिनीला काहीतरी घडलंय एवढंच ठाऊक होतं. हे आज कळत होतं. वहिनीचा हात नकळत गाडीच्या खिडकीवर गेला.

"हळू बोला," साहेब पुटपुटले. "लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. दादा म्हणायचा, झाकली मूठ सव्वा लाखाची. झाकून झाकून बोटं आखडली, साहेब. मला बरं व्हायचंय. पण त्या सीटवर बसून नाही."

"मला वर विचारावं लागेल."

"विचारा. डॉक्टरीणबाईंनी दुपारची वेळ दिलीय. मी निघते."

काकांनी साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खिशातून किल्ली काढून त्यांनी खिडकीतून आत दिली आणि पलीकडून चढून शेजारी बसले. "गाडीत ड्रायव्हर हजर आहे, साहेब. एवढं लिहा."

"आणि हेही लिहा," ती म्हणाली, "योजना बंद होणार नाही. खोकी काढा, मागे बाक बसवा. पुढच्या आठवड्यात गाडी मी चालवते. मग मोजा, किती जणी येतात ते."

"कोणाच्या परवानगीने?"

तिने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं तसा काकांचा हात आपोआप दाराच्या आतल्या हँडलकडे गेला.

"उघडतं आतून, काका," ती म्हणाली. "बसण्याआधीच पाहून घेतलं मी."

काकांनी मान खाली घातली आणि हात मांडीवर घेतला.

साहेब फोन कानाला लावून गाडीच्या पुढ्यातच उभे होते. हलायला तयार नव्हते. तिने हॉर्न दाबला, आणि ते बाजूला होईपर्यंत दाबूनच धरला.