राणीची ओटी

"बाया खोळंबल्यात, आटप," म्हणत शेखरने पडद्यामागे डोकं घातलं. विलास आरशासमोर नऊवारीचा काष्टा आवळत होता. मिशी सकाळीच उतरवली होती.

कासार आंबोलीचं आमचं नाटक मंडळ शेतकऱ्यांचं. रब्बी उरकली की उन्हाळाभर टेम्पोत पडदे टाकून जत्रांतून फिरायचं. आता निम्म्यांनी जमिनी विकल्या, काही बावधनला राहायला गेले, तरी चैत्र लागला की सगळे हजर. मी पेटी वाजवतो. विलास विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतो आणि उन्हाळ्यात राणी होतो.

पहिल्या वर्षी जांब्याच्या जत्रेत त्याला लुगड्यात बघून पोरांनी शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला होता. विलास अगदी रडकुंडीला आलेला. तेवढ्यात गावातल्या रंभाबाई ताट घेऊन स्टेजवर चढल्या, सगळ्यांदेखत त्याची खणानारळाने ओटी भरली आणि म्हणाल्या, "ही आपल्या गावची माहेरवाशीण. वाजवा आता शिट्टी." कुणाची छाती झाली नाही. त्या नसत्या तर विलास दुसऱ्या दिवशीच घरी पळाला असता. तेव्हापासून जांब्यात रंभाबाईंनी ओटी भरल्याशिवाय आमचा पडदा उघडत नाही.

यंदा ताट घेऊन त्यांची सून सायली आली.

"वयनी कुटं हायेत?" विलासने विचारलं.

"मागं, भेळेच्या गाडीपाशी बसल्यात. मामंजी गेले ना दिवाळीत. त्यांनीच मला धाडलं."

विलासने पदर खोचला आणि स्टेजवरून खाली उतरला. गर्दीतून वाट काढत थेट भेळेच्या गाडीमागे गेला. तिथे रंभाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ताट घेऊन सायली आणि तिच्यामागे मी.

"वयनी, उटा. पडदा अडलाय."

"खुळा का काय, इलास? मला आता वटी भरायला चालत न्हाई."

"आन् मला भरून घ्यायला चालती व्हय? बाप्या हाय मी. तरी इतकी वर्सं भरलीत न्हवं?"

एका बाईने हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

"तुमच्यामुळं मी उभा ऱ्हायलो, वयनी," विलास म्हणाला आणि त्याने पदर पसरला.

सायलीने ताट पुढे केलं. रंभाबाई सावकाश उठल्या. ओटी भरताना थोडे तांदूळ खाली सांडले. नारळ पदरात ठेवून त्या म्हणाल्या, "पदर नीट घे. चार गावची लोकं बघत्यात."

आमच्या नाटकात राणी शेवटी रडते. त्या दिवशी ती पहिल्याच प्रवेशात रडली. मी पेटीवर सूर धरून बसलो.