समतेत बसणारी बोट

क्रीडा अधिकारी डेक्लनने टेबलावरून कागद पुढे सरकवला आणि त्यामागोमाग बिस्किटांची बशी. आयर्लंडमधल्या या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात वाईट बातमी बिस्किटांसोबत देतात, हे शर्वाणीला पहिल्याच वर्षी कळलं होतं. आज तर चॉकलेटवाली होती.

नौकानयनाच्या दोन संघांपैकी एक बंद होणार होता. एक मुलांचा, एक मुलींचा. पक्षपात नको म्हणून निर्णय स्त्री-पुरुष समतेच्या नव्या नियमावर सोपवला होता. ज्या बोटीत दोघंही असतील ती समावेशक, आणि समावेशक बोट राहील.

शर्वाणी मुलींच्या बोटीची कॉक्स, म्हणजे वजनाने हलकी सुकाणूवाली. आठ जणी वल्ही मारायच्या आणि ही त्यांच्याकडे तोंड करून सुकाणू धरायची, ओरडायची. मुलांचा कॉक्स नुकताच सोडून गेला होता. तिने फक्त त्याच्या जागी जाऊन बसायचं. आठ मुलगे अधिक एक शर्वाणी, समता पूर्ण. तिची खेळाची शिष्यवृत्तीही शाबूत. मुलींच्या बोटीत मात्र नऊच्या नऊ मुली, त्यामुळे ती समतेत बसत नव्हती.

"यू'ड बी ग्रँड," डेक्लन म्हणाला. त्यालाही पटलं नसावं, कारण बिस्किटं तोच खात होता.

शनिवारी मलिंगारला घरी गेल्यावर तिने कागद बाबांपुढे ठेवला. गुरुनाथ वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीला होते. इतकी वर्षं ऑडिटर सांभाळून त्यांना कुठलाही कागद सांगून आलेल्या स्थळासारखा न्याहाळायची सवय लागली होती. त्यांनी दोनदा वाचलं आणि सही कर म्हणाले.

"बट बाबा, माझ्या मुलींचं काय?"

"शरू, ऑडिटर मुली बघत नाही, लिहिलंय तेवढंच बघतो. बोटीत दोघं आहेत का? आहेत. संपलं. कोण किती, हे लिहिलंय कुठे?"

शर्वाणीने कागद परत घेतला. खरंच कुठे लिहिलं नव्हतं. ती बराच वेळ वरणभात कालवत राहिली. मग तिने विचारलं, राजसदादाचं वजन किती असेल? राजस तिचा आतेभाऊ, त्याच विद्यापीठात शेवाळावर पीएचडी करणारा.

गुरुनाथना प्रश्न उलगडायला अर्धी पोळी लागली.

"आणि तू?"

"मी काय. एका बोटीत एकच कॉक्स असतो."

त्यांनी कागद पुन्हा मागितला. उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. त्यात एकही चूक नव्हती, आणि त्यांना त्याचा आनंद झाला नाही.

सोमवारी मुलींच्या बोटीचा कॉक्स म्हणून राजसचं नाव गेलं. डेक्लनने नियम तीनदा पाहिला आणि शिक्का मारला. मुलांची बोट बंद झाली. मुलींनी निषेधाचं पत्र आधीच लिहून ठेवलं होतं, ते मुलांनी मागून नेलं आणि 'मुली'च्या जागी 'मुलं' करून पाठवलं. शर्वाणीची शिष्यवृत्ती गेली. ती ग्रंथालयात पुस्तकं लावायला लागली, आणि उरलेल्या वेळात काठाने सायकल चालवत राजसला ओरडायला शिकवू लागली. तो प्रत्येक आज्ञेच्या आधी 'प्लीज' म्हणायचा.

वसंतातल्या शर्यतीत मुली अर्ध्या बोटीच्या अंतराने जिंकल्या. जिंकलेल्या कॉक्सला पाण्यात फेकायचं, अशी या खेळाची रीत. धक्क्यावर उतरताच राजसने चष्मा काढून खिशात ठेवला, नाक धरलं, डोळे मिटले. काहीच झालं नाही. त्याने डोळे उघडले तेव्हा आठही जणी त्याला ओलांडून काठावर पोचल्या होत्या, शर्वाणी उभी होती तिथे.

"नो, नो," शर्यत बघायला आलेले गुरुनाथ मध्ये पडले, "शी इज नॉट ऑन द लिस्ट."

कुणी ऐकलं नाही. दोघींनी तिचे खांदे धरले, दोघींनी पाय. शर्वाणीने फोन तेवढा बाबांच्या हातात दिला.