अकराव्या झाकणाखालचं पाणी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर दांडकंच समजाल. रंग उडालाय, एका टोकाला थोडा बाकही आलाय. पण मी मोजकाठी आहे. रस्त्यात गोल लोखंडी झाकणं दिसतात ना, त्यांच्याखाली शहराचं सांडपाणी वाहतं. ते किती वाहतं, हे सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

शहराच्या सांडपाणी खात्याच्या कारखान्यातल्या सुताराने मोडीत निघालेल्या दाराच्या चौकटीतून मला घडवलं. अंगावर सेंटिमीटरच्या खुणा कोरल्या, त्यांत लाल रंग भरला, पायाला पितळेची टोपी बसवली आणि मला गटारांवर देखरेख करणाऱ्या मुकादमांच्या हाती दिलं. "जपून वापरा, असं लाकूड पुन्हा मिळायचं नाही," तो म्हणाला. मुकादमांनी ते फारच मनावर घेतलं. काम झालं की ते मला स्वतः धूत, पुसत आणि घरी नेऊन दारामागे उभी करत.

"गटारातून आलेलीला घरात कशाला?" त्यांची बायको विचारायची.

"मीही तिथूनच आलोय," मुकादम म्हणायचे.

घर म्हणजे पंपघरामागची एक खोली. त्यात नवरा-बायको आणि दोन मुली. खिडकी होती, पण उघडली की हातभर अंतरावर भिंत. मुकादमांची बायको त्या भिंतीकडे बघत भांडी घासायची.

मग एक दिवस बातमी आली. गोदामांच्या मोकळ्या जागेवर चारशे घरं बांधायची होती आणि त्यांतली वीस खात्यात काम करणाऱ्यांसाठी होती. यादीत मुकादमांचं नाव तिसरं होतं. बायकोने त्याच आठवड्यात निळं कापड आणलं आणि नव्या खिडकीचा पडदा शिवून टाकला. खिडकी केवढी असेल, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिने अंदाजाने मोठाच शिवला.

पण आधी एक प्रश्न सुटायला हवा होता. चारशे घरांचं सांडपाणी जुन्या नळीत मावेल का? ते काम इंजिनिअर बाईंकडे आलं.

"नकाशात नळी साठ सेंटिमीटरची आहे," त्या मुकादमांना म्हणाल्या, "पण नकाशा जुना. आज आत काय चाललंय, ते काठीच सांगेल."

मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

सकाळी सात ते नऊ सगळ्या शहराच्या आंघोळी आणि धुणी चाललेली असतात. नळी तेव्हा सर्वांत जास्त भरते, म्हणून आम्ही सकाळीच निघायचो. गोदामांपासून पंपघरापर्यंत अकरा झाकणं होती. मुकादम झाकण उघडत, आतली हवा निघून जाईपर्यंत थांबत आणि मला सरळ खाली सोडत. बावीस. पंचवीस. पुन्हा पंचवीस. बाई वहीत लिहून घेत. पाणी चाळीसपर्यंत चालतं, वरची जागा मोकळी ठेवावी लागते; आणि चारशे घरांमुळे ते आणखी दहा सेंटिमीटर चढणार होतं. दहा झाकणं झाली तरी सगळं ठीक होतं.

अकरावं झाकण खालच्या गल्लीत होतं. तिथली जमीन खचली होती आणि नळीही तिच्याबरोबर खाली बसली होती. मला वर काढलं तेव्हा ओल एकोणचाळीसच्या खुणेपर्यंत होती.

बाई दहा पावलांवर उभ्या होत्या. तिथून माझ्या खुणा दिसत नव्हत्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

मुकादमांनी ओल पाहिली. त्यांनी मला पुसलं, पुन्हा खाली सोडलं. वर काढून पुन्हा पुसलं, पुन्हा सोडलं.

"एकोणचाळीस," ते म्हणाले.

बाई जवळ आल्या. "तुमचं नाव आहे ना हो त्या यादीत?"

"आहे. तिसरं."

"उद्या-परवा परत मोजू. एकाच सकाळच्या आकड्यावर कशाला लिहायचं?"

"मोजू की. पण बाई, काठीला थोडंच माझं घर कळतंय?"

मला कळत होतं, मित्रांनो. अंगावरची ओल दहा खुणा खाली सरकावी, असं मला फार वाटलं. पण लाकूड भिजतं तिथवरच भिजतं. दुसऱ्या दिवशीही एकोणचाळीस आलं, तिसऱ्या दिवशी अडतीस.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "नाही मावत," मुकादम म्हणाले.

"मावलं नाही तर काय होतं?"

"खालच्या गल्लीत मोऱ्यांमधून वर येईल सगळं. सदतीस घरं आहेत."

तिने हातातल्या सदऱ्याची घडी मोडली, पुन्हा घातली. "मग नको," ती म्हणाली. मी दारामागून त्या दोघांकडे बघत राहिले.

नवी नळी पडेपर्यंत बांधकाम नको, असं बाईंनी लिहून दिलं. नळी पडायला पाच वर्षं लागली. तोवर मुकादम निवृत्त झाले आणि यादीतून त्यांचं नाव गेलं. खोली सोडून ते थोरल्या मुलीच्या गावी गेले. जायच्या दिवशी त्यांनी मला धुतलं, पुसलं आणि भांडारात जमा केलं. पावतीवर सही करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

भांडारात माझ्यावर ओले रेनकोट वाळत पडले. कोळ्यांची जाळी काढायलाही माझाच उपयोग झाला. मोजायला नवी यंत्रं आली होती. दार वाजलं की मला वाटायचं, मुकादम आले. गोदामांच्या जागेवर इमारती उभ्या राहिल्याचं मला तिथेच कळलं.

परवा इंजिनिअर बाई आल्या. त्यांचे केस पांढरे झालेत. एका नव्या रुग्णालयासाठी मोजणी होती आणि यंत्राच्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मला पदराने पुसलं आणि खालच्या गल्लीत नेलं. झाकण उघडताच तिथली एक गृहिणी दारातून म्हणाली, "कशाला उघडता हो? वास सुटतो. आमच्याकडे कधी काही त्रास नाही."

"पुढेही होऊ नये म्हणूनच उघडतोय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला खाली सोडलं. नव्या नळीत पाणी फक्त अठरा.

मित्रांनो, तुमच्या गावात नवी इमारत उठताना दिसली, तर खालचं पाणी कुणी मोजलंय का, एवढं विचारा. आणि कुणी खरा आकडा सांगितला, तर त्याला त्यासाठी काय सोडावं लागलं, तेही विचारा. मुकादमांना ते कुणीच विचारलं नाही.