दुकानातली हंसाबाई

मारेगावला बसस्टँडमागे दीपमालाच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत तिचं दुकान. दुकान म्हणजे एक लॅपटॉप, पार्सलचे खोके, चिकटपट्टी आणि बंजारा तांड्यावरून आलेल्या भरतकामाचे गठ्ठे. पाटी नव्हती, गिऱ्हाईक कधी पायरी चढत नसे. कवड्या-आरशांच्या पिशव्या इंटरनेटवरून पुण्याला, बंगळूरला जात. फोटो काढणं, स्टॉक भरणं, ऑर्डरी पाठवणं, परत आलेला माल पुन्हा चढवणं, सगळं ती एकटीच करी. प्रत्येक शिवणारीच्या पिशव्यांचं एक पान असे, त्यावर ती तिचा फोटो आणि नाव टाकी. सगळ्यांत जास्त खपत हंसाबाईच्या पिशव्या.

त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळीपायी जिकडेतिकडे फवारणी चालू होती. हंसाबाई नवऱ्याला, धरमसिंगला, पंपात औषध कालवून देई. एका दुपारी ती शेताच्या धुऱ्यावर बसली आणि तिला उठताच येईना. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिथंच ती गेली.

तिच्या लेकीचा, संगीताचा फोन आला तेव्हा दीपमाला दिवाळीच्या मालाचे फोटो चढवत होती.

"ताई, याडी गेली," संगीता म्हणाली. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"बरं," दीपमाला म्हणाली. उरलेले फोटो तिनं चढवले आणि मग पायात चप्पल सरकवली. मातीला बाया धाय मोकलून रडल्या. दीपमाला निंबाखाली उभी होती. आता रडू येईल, मग येईल, म्हणून वाट पाहत राहिली. आलंच नाही. घरी येऊन तिनं राहिलेली पार्सलं बांधली.

दिवाळीत हंसाबाईच्या उरल्यासुरल्या पिशव्याही विकल्या गेल्या. शेवटची गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी धरमसिंग मोबाइल हातात धरून पायरीशी आला.

"पोरी, हंसा दिसून नाही राह्यली."

"कुठं, काका?"

"तुह्या दुकानात. मी रोज पायतो. बोट कुठं ठेवाचं ते संगीतानं दाखवलं. कालपासून सापडूनच नाही राह्यली. तू काढली का?"

"नाही काका. तिच्या पिशव्या संपल्या ना. माल संपला का पान आपोआप लपते."

"पिशव्या संपल्या, तं तिले कायले लपवाचं?"

"फोटो तुमच्या मोबाइलवर टाकून देऊ का?" तिनं विचारलं.

"फोटो हाये मायाजवळ. पण तिथं तिचं नाव हाये, तिनं काय शिवलं ते लिहून हाये. लांबचे लोकं पायतात. घरातल्या फोटोले कोण पायते? मीच."

दीपमालानं त्याला खुर्ची दिली आणि दुकानाची सेटिंग उघडली. संपलेला माल लपवायची खूण सगळ्या दुकानाला मिळून एकच होती. ती काढताच जुन्या, केव्हाच संपलेल्या पिशव्या, पडदे, तोरणं भराभर वर आली. मग ती एकेक पान उघडून हातानं बंद करत बसली. मध्येच उठून तिनं चहा केला. धरमसिंग तो बशीत ओतून प्यायला. उन्हं कलली तेव्हा दुकान पहिल्यासारखं दिसू लागलं आणि त्यात हंसाबाई होती.

धरमसिंगनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "खाली लाल अक्षरात काय हाये?"

ते तिला पुसता आलं असतं, दुसरं काही सांगताही आलं असतं. "उपलब्ध नाही, असं लिहिलंय," ती म्हणाली.

तो पाहत राहिला. "खरंच हाये," म्हणाला. "राहू दे."

त्या पानाखाली गिऱ्हाइकं विचारू लागली की माल पुन्हा केव्हा येईल. दीपमालानं विचारायची ती चौकटच बंद करून टाकली. तेव्हाही तिला काही वाटलं नाही. काही वाटत नाही, एवढंच तिच्या लक्षात आलं.

संक्रांतीनंतर संगीता स्वतः शिवलेल्या पिशव्या घेऊन आली. "याडीच्या पानावरच टाक ना ताई. तिथं गिऱ्हाईक येते. टाका तं सारखाच हाये."

टाका खरोखरच सारखा होता. स्टॉकच्या रकान्यात नुसता आकडा भरला असता, तर पिशव्या दुसऱ्या दिवशी निघाल्या असत्या.

"नाही," दीपमाला म्हणाली. "तुह्यं वेगळं पान करू."

"मले कोण ओळखते?"

"सध्या तं कोणीच नाही."

संगीता फोटोसाठी भिंतीशी उभी राहिली. "हासू का?"

"तुही मर्जी."

ती हसली नाही. दीपमालानं तसाच फोटो घेतला, नाव टाकलं आणि पान चालू केलं. बरेच दिवस तिकडं कोणी फिरकलं नाही. मग नागपूरहून एक ऑर्डर आली. दीपमालानं पिशवी बांधली, पत्ता चिकटवला आणि संगीताला फोन लावला. ती वावरात कापूस वेचत होती, मागं बायांचं बोलणं ऐकू येत होतं.

"तुही एक पिशवी विकली."

"कोणती?"

"हिरवी."

"बरं," संगीता म्हणाली. मग तिनं विचारलं, "अजून हिरव्याच शिवू का?"

"शिव," दीपमाला म्हणाली, आणि पार्सल घेऊन पोस्टात निघाली.