ओळख करून द्या, मॅडम

योंजूच्या बापाला जाऊन एक दिवस उलटला, तरी काकांची कटकट संपली नव्हती.

"पोरी, ऐक माझं. दंडावरची सुतकाची पट्टी माझ्या मुलाला बांधू दे. फोटोशेजारी उभं राहून लोकांचे नमस्कार घ्यायला पुरुषच लागतो. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, म्हाताऱ्याला एकच मुलगी होती आणि ती उभी राहिली," योंजू म्हणाली. "तुमचा मुलगा बाबांना शेवटचा कधी भेटला, विचारा त्याला. फोटो बघून 'हे कोण' म्हणाला नाही, हेच नशीब."

काका पाय आपटत जेवणाच्या टेबलांकडे गेले. योंजूने काळ्या हानबोक पोशाखाच्या बाहीवर पट्टी स्वतःच बांधली आणि शेवंतीच्या फुलांत ठेवलेल्या फोटोच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिचा नवरा जिन्सॉप दाराशी बसून आल्यागेल्याचे बूट नीट लावत होता. त्याला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता.

सोलच्या इस्पितळांतली ही अंत्यविधीची दालनं योंजूला घरासारखी पाठ होती. नूडल बनवणाऱ्या कंपनीच्या जनसंपर्क विभागात तिच्या उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि या शहरात जनसंपर्काचं निम्मं काम अशा दालनांतच चालतं. कुणा पत्रकाराची आई गेली, कुणा संपादकाचा सासरा गेला, की कंपनीचं पुष्पचक्र पोचायच्या आत योंजू हजर. नमस्कार करायची, मांसाचं लालभडक सूप ओरपायची, रडणाऱ्याचं ऐकून घ्यायची. पोरगा तापाने फणफणलेला असताना गेली, सणासुदीला सासूची बोलणी खाऊन गेली. कारखान्यात काही भानगड झाली की ही माणसं तिचा फोन उचलायची. दुसऱ्या कुणाचा उचलत नसत.

विभागप्रमुखाची खुर्ची वसंतापासून रिकामी होती. काम योंजू करत होती, शिव्याही तीच खात होती, फक्त दारावर नाव लागायचं राहिलं होतं. ते सोमवारी लागणार होतं. बाबा तर आजारपणात प्रत्येक नर्सला सांगून मोकळे झाले होते, "माझी मुलगी प्रमुख झालीय."

"अहो बाबा, अजून नाही झाले!"

"तू नसशील झाली. माझ्या लेखी झालीस," म्हातारा म्हणायचा आणि तोंड फिरवून झोपायचा.

दुपार कलली तसं दालन भरलं. वर्तमानपत्रांची माणसं झुंडीने आली. ज्यांच्या दुःखात ती गेली होती ते सगळे आले, आणि तिला पहिल्यांदाच भरून आलं.

मग आले कंपनीचे संचालक पेंग. मागे एक तरुण, नवाकोरा काळा सूट, केस चापूनचोपून बसवलेले. दोघांनी फोटोपुढे दोनदा माथा टेकला. आता रीतीप्रमाणे पट्टीवाल्याला नमस्कार करायचा. पेंग वळले, योंजूकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि थेट दाराकडे जाऊन जिन्सॉपपुढे वाकले. "फार वाईट झालं हो."

जिन्सॉप हातातला बूट तसाच धरून म्हणाला, "साहेब, पट्टी तिच्या हातावर आहे. तिकडे वाका."

"हो, हो. सवय नाही ना," पेंग हसले, पण परत काही गेले नाहीत.

योंजूच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी तिने पुढच्या पाहुण्याचा नमस्कार घेतला. इतकी वर्षं तिने गिळण्याचाच तर पगार घेतला होता.

थोड्या वेळाने पेंगनी तिला खांबाआड बोलावलं. "मॅडम, वेळ बरी नाही, पण सांगून टाकतो. हा ग्वाक. माझ्याच विद्यापीठाचा, माझ्यानंतरच्या तुकडीचा. सोमवारपासून विभागप्रमुख."

योंजूला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. तिने ग्वाककडे पाहिलं. तो बुटांशिवायच्या आपल्या पायमोज्यांकडे बघत होता.

"आणि मी?"

"तुम्ही आहातच की! तुमच्याशिवाय काही चालतं का? पण मंडळाचं म्हणणं, प्रमुख पुरुष बरा. पत्रकारांबरोबर दारू आली, गोल्फ आलं."

"शांघायच्या शाखेत बाई प्रमुख आहे. मनिलाच्या शाखेतही. दोघींना मीच शिकवलं."

"तिकडची रीत तिकडे. इथे सोलमध्ये आपल्याला आपल्या माणसांत राहायचंय." पेंगनी आवाज खाली आणला. "आता एक काम करा. आज सगळी वर्तमानपत्रं आयती एका छताखाली आलीत. ही तुमची माणसं, तुमच्या शब्दाला मान आहे. ग्वाकला जरा टेबलाटेबलावर फिरवा. ओळख करून द्या, मॅडम."

आत तिचा बाप फोटोतून हसत होता. आणि बाहेर हा गृहस्थ त्याच्या सुतकात धंद्याची ओळखपाळख मागत होता! लाज नावाची गोष्ट या माणसाने कधी पाहिली तरी होती का? योंजूला रडू फुटायला हवं होतं. फुटलं नाही. तिने बाहीत खोचलेला रुमाल काढून तोंड पुसलं.

"देते की," ती म्हणाली. "चला, ग्वाक साहेब. कार्डं आणलीत ना?"

"हो... खिशात आहेत."

"शाबास. सुतकाला येताना कार्डं विसरायची नसतात."

पहिल्या टेबलावर अर्थविषयक पानांचे लोक बसले होते. ती गुडघ्यावर बसली, आवाज नेहमीसारखा मऊ. "पोटभर जेवलात ना? हे ग्वाक साहेब. सोमवारपासून माझ्या खुर्चीवर बसणार आहेत. मला आत्ताच खांबाआड कळलं. बाबा आत आहेत, आणि संचालकसाहेब म्हणाले, हीच वेळ चांगली, ओळख करून द्या. म्हणून देतेय. सूप आणखी वाढायला सांगू?"

टेबलावरच्या जेवणाच्या काड्या जागच्या जागी थांबल्या. ग्वाकने कार्ड पुढे केलं. ते घ्यायला एकही हात आला नाही.

दुसऱ्या टेबलावर ओ आडनावाचे संपादक होते. ती त्यांना म्हणाली, "ओ साहेब, तुमच्या आई गेल्या तेव्हा रात्रभर मी भांडी विसळली, आठवतं? यांना ते जमणार नाही, पण हे गोल्फ खेळतात. सांभाळून घ्या."

ओ साहेबांनी पेला खाली ठेवला आणि पेंगकडे रोखून पाहिलं.

"मॅडम, पुरे," पेंग तिच्या कानाशी आले. "पुरे झालं. तुम्ही दुःखात आहात, जरा पडा."

"छे छे, साहेब. अजून चार टेबलं आहेत. अर्धवट काम मी कधी केलंय?"

"काही हरकत नाही हो, मी माझं भेटेन," ग्वाक पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. बिचारा! पण योंजूला आज बिचाऱ्यांसाठी सवड नव्हती. तिने त्याला कोपराला धरून पुढे नेलं.

काका तोंडात बोट घालून बघत होते. त्यांचा मुलगा जेवणही विसरला.

शेवटच्या टेबलावर ब्यॉन नावाची पत्रकार होती. बोलायला फटकळ. बातमीसाठी तिने योंजूशी वर्षानुवर्षं भांडणं केली होती, आणि स्वतःचा बाप गेला तेव्हा योंजूच्याच खांद्यावर रडली होती. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग सवयीने विचारलं, "ताई, हे छापायचं नाही, असंच ना?"

"अर्थातच नाही!" पेंग मध्ये पडले. "घरगुती दुःखाची गोष्ट आहे, ब्यॉन मॅडम. आपल्यातच राहू दे."

सगळी टेबलं योंजूच्या तोंडाकडे पाहत होती. आजवर या प्रश्नाला तिने एकच उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तरावर कंपनीची अब्रू उभी होती.

"छाप," योंजू म्हणाली. "या दोघांची नावं, पदं नीट विचारून घे. माझ्या नावापुढे पद घालू नकोस. गेलेल्याची मुलगी, एवढंच लिही."

ब्यॉनने फोन काढला. योंजू उठली, बाहीवरची पट्टी सारखी केली आणि बापाच्या फोटोशेजारी आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मग ओ साहेब उठले, तिच्यासमोर आले आणि पुन्हा एकदा वाकले. त्यांच्यामागे रांग लागली.