दुसरीतली स्वप्नं

एनेलेसने कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या टोकाने तिसऱ्या पोराचं नाक पुसलं, तेव्हा कॅमेऱ्यामागून कॅलम म्हणाला, "राहू द्या मॅडम. आहेत तशीच छान दिसतात."

एनेलेसने चौथ्याचंही पुसलं. वाहतं नाक छान कसं दिसतं, हे विचारण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं. सकाळपासून ती उभीच होती. समोर आंब्याखाली दुसरीच्या दोन्ही तुकड्यांची एकशे ब्याण्णव पोरं बसली होती, कोणी विटेवर, कोणी खताच्या रिकाम्या पोत्यावर. मार्चमधल्या वादळाने वर्गाचं छप्पर उचलून ओढ्यापलीकडे फेकलं होतं. तिथून ते पत्रे कोणाकोणाच्या घरावर गेले हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तो विषय काढत नव्हतं.

कॅलम आणि इश्बेल स्कॉटलंडमधल्या कॉलेजात शिकणारी मुलं होती. तीन आठवडे इथे शिकवायचं आणि परत गेल्यावर शाळेसाठी पैसे उभे करायचे, असा त्यांचा बेत. दर जुलैत अशी दोघंतिघं येत. पोरं मनाने चांगली असत, स्वतःचं पाणी स्वतः भरत. फक्त प्रत्येकाची शिकवणी नाकापासून सुरू होई. नाक, कान, डोळे, गुडघे. आंब्याखालच्या निम्म्या पोरांना हे इंग्रजी शब्द गेल्याच वर्षी पाठ झाले होते, पण पाहुण्यांचा हिरमोड नको म्हणून ती दर खेपेला नव्याने अडखळत. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पाहुणे शिकवत तेव्हा एनेलेसला तेवढीच विश्रांती, असं बाकीचे शिक्षक म्हणत. प्रत्यक्षात तिला शेजारी उभं राहून प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागे, एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे.

आज त्यांचा शेवटचा दिवस होता. सकाळीच हेडमास्तर नामाख्वांनी तिला बोलावून घेतलं होतं.

"मॅडम, एका मिनिटाची फिल्म आहे. ती बघून तिकडचे लोक ठरवणार, आपल्याला छप्पर द्यायचं का दुसऱ्या शाळेला."

"बरं, सर."

"मार्चपासून पाच आठवडे वर्ग बंद होता, तेवढ्यात चाळीस पोरं सुटली. परत आली का?"

"नाही आली."

"नोव्हेंबरात पाऊस लागेल. म्हणून म्हणतो, जरा गोड बोला."

"मी कधी कडू बोलते?"

"तोंडाने नाही हो. चेहऱ्याने बोलता."

आता ते स्वतः आपला तपकिरी कोट घालून झाडामागे उभे होते, एनेलेसच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून.

इश्बेल पोरांसमोर उकिडवी बसली. उन्हाने तिचं नाक सोललं होतं, तीन आठवड्यांत ती दोनदा तापाने पडली होती आणि तरी हसत होती. "मॅडम, प्रत्येकाला एकच विचारा. तुझं स्वप्न काय?"

"मालोतो सांगा," एनेलेस पोरांना म्हणाली. "कोणाला काय स्वप्न आहे?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. शहरातले रेडिओवाले हल्ली हा शब्द हवा तसा वापरतात, पण इथे गावात मालोतो म्हणजे रात्री झोपेत पडतं ते. दुसरं काही नाही. शब्द बदलून पुन्हा विचारायला हवं होतं. पण पहिल्या रांगेतला लिंबानी एव्हाना उठून उभाही राहिला होता.

"मॅडम, मला ना, संडासात तरस दिसला. दोन पायांवर उभा होता. आणि त्याने हेडसरांचा कोट घातला होता!"

एकशे ब्याण्णव पोरं खिदळली. झाडामागे नामाख्वा सरांनी कोटाचं बटण सोडलं आणि पुन्हा लावलं.

"काय म्हणाला?" इश्बेलने उत्सुकतेने विचारलं.

सगळं उलगडून सांगायचं म्हणजे दोन्ही बाजूंना समजवत बसायचं. एनेलेसचे पाय भरून आले होते.

"त्याला हेडमास्तर व्हायचंय," ती म्हणाली.

"किती गोड!"

मग ते तसंच चालू राहिलं. ताडाला नावाचा पोरगा स्वप्नात डोंगरावरून उडत गेला आणि थेट मामाच्या बिअरच्या मडक्यात पडला. इंग्रजीत तो वैमानिक झाला. एस्नार्टने एकटीने अख्खा बोकड खाल्ला होता, शिंगं तेवढी धाकट्या भावासाठी ठेवली होती. ती डॉक्टर झाली, कारण पोटाचाच काहीतरी संबंध होता. एनेलेसला आपण खोटं बोलतोय याचं फारसं काही वाटेना. उलट कितीतरी दिवसांत असं सोपं काम मिळालं नव्हतं. नामाख्वा सरांचा चेहरा उजळला होता.

"अजून एकच," कॅलम म्हणाला. "ती कडेची मुलगी. डोळे बोलके आहेत तिचे."

कडेची मुलगी फायनेस होती. मोडेस्टरची. मोडेस्टर नाहिपो दुसरीच्या 'ब' तुकडीला शिकवायची आणि एनेलेस 'अ' तुकडीला. अकरा वर्षं दोघींच्या वर्गांत एकच भिंत होती. ऑक्टोबरात मोडेस्टरला ताप आला. तिने तीन दिवस तापातच शिकवलं, चौथ्या दिवशी आली नाही आणि पाचव्या दिवशी शाळेची पोरं तिच्या अंत्ययात्रेत रांगेने चालली. तिच्या जागी माणूस येणार, येणार म्हणत नऊ महिने गेले. तोवर 'ब' तुकडी एनेलेसकडेच होती.

फायनेस उभी राहिली. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही.

"मॅडम, माझी आई आली होती. इथेच, झाडाखाली. तिने तुमच्या हातातला खडू घेतला आणि म्हणाली, एने, आता बस. माझी पोरं दे इकडे. किती उभी राहशील?"

स्वप्नात मेलेलं माणूस आलं की ते उगीच येत नसतं, एवढं दुसरीतल्या पोरालाही कळतं. अख्ख्या शाळेत एनेलेसला एने म्हणणारी एकच बाई होती.

"मग?" एनेलेसने विचारलं. कॅमेरा आहे हे ती विसरली होती.

"मग तुम्ही बसलाच नाहीत," फायनेस म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती. "तुम्ही म्हणालात, थांब, एवढा धडा होऊ दे. तिने पुष्कळ वाट बघितली. मग ती गेली."

नऊ महिन्यांत एनेलेसला रडायला वेळ झाला नव्हता, आणि आता वेळ नसताना रडू येत होतं.

"मॅडम?" इश्बेल म्हणाली. "तिला कोण व्हायचंय?"

"शिक्षिका म्हणा," झाडामागून गावच्या चिचेवा भाषेत कुजबुज आली. "म्हणून टाका आणि मोकळ्या व्हा."

एनेलेसने म्हटलं नाही. तिने सगळं सांगितलं, खडू, मोडेस्टर, बस आता, एवढा धडा होऊ दे, जसंच्या तसं. तिचं इंग्रजी दोनदा अडखळलं, पोरांसारखं मुद्दाम नव्हे, खरंखुरं. इश्बेलचे डोळे भरून आले. तिने एनेलेसचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"म्हणजे हे झोपेतलं स्वप्न होतं," ती हळूच म्हणाली. मग तिच्या कपाळावर आठी पडली. "मग आधीची?"

"ती बरोबर आहेत," नामाख्वा सर पुढे येत इंग्रजीत म्हणाले. "शंभर टक्के बरोबर."

इश्बेलने एनेलेसकडे पाहिलं. एनेलेसने होकारार्थी मान डोलावली.

कॅलमने घड्याळ बघितलं. गाडी तीनला निघणार होती. दोघं बाजूला जाऊन काहीतरी बोलली आणि इश्बेल परत आली, खजील होऊन.

"मॅडम, हे इतकं... मी विसरणार नाही कधी. पण एका मिनिटात हे लोकांना नाही समजवता येणार. त्यांना फार दुःखी काही दाखवलं की ते पुढे बघतच नाहीत. मला माहितेय, हे वाईट आहे. तिला फक्त एवढंच विचाराल का, मोठेपणी कोण व्हायचंय? छपरासाठी."

तिला खरंच वाईट वाटत होतं, हे एनेलेसला दिसत होतं. त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती.

ती फायनेससमोर वाकली. या वेळी तिने शब्द नीट निवडले, रात्र नाही, झोप नाही, काही चुकायला जागा नाही असे.

"फायनेस, बाळा, तू मोठी झालीस ना, की कोण व्हायचंय तुला?"

फायनेसने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. खडूने पांढरे झालेले केस, सुजलेले पाय, तारेने बांधलेली चप्पल. ती घाईत नव्हती.

"काहीही चालेल," ती म्हणाली. "मॅडम सोडून."

झाडाखाली कोणी हसलं नाही. नामाख्वा सर जमिनीकडे बघत होते.

"काय म्हणाली?" इश्बेलने विचारलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा चालू होता.

एनेलेस सरळ उभी राहिली. पाठीतून कळ गेली. तिने चेहरा गोड केला.

"शिक्षिका," ती म्हणाली. "आईसारखी."

नामाख्वा सरांनी टाळ्या वाजवल्या. ते वाजवताहेत म्हटल्यावर पोरांनीही वाजवल्या, फायनेसनेसुद्धा.